टवका, तडा आणि समोरची काच

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी आपापल्या व्यवसायाविषयी दर महिन्याला बोलावे, असे कमिटीने ठरवले होते. त्यातील एका भाषणाचा हा मजकूर.)

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, कमिटीचे सर्व सदस्य, जमलेल्या काकू, वहिनी, दादा, भाऊ, आणि मागच्या रांगेत बसून माझ्याकडे संशयानं बघणारी आपली क्रिकेट टीम, सगळ्यांना नमस्कार.

या मालेत पहिल्यांदा डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले. मागच्या महिन्यात वकीलसाहेबांनी मृत्युपत्र कसं करावं ते सांगितलं. त्यांच्यानंतर काचवाला म्हणजे जरा उतारच झाला. मी सचिवांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, “शुगर सगळ्यांना नाही, इस्टेट तर त्याहून कमी जणांना, पण गाडी आता घरटी एक झाली आहे.” खरं आहे. आपण इथं राहायला आलो तेव्हा सगळ्या आवारात दोन चारचाकी होत्या, आणि त्यातली एक ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. आज रात्री दहानंतर येणाऱ्याला गाडी लावायला जागा मिळत नाही. भाषणाच्या तयारीसाठी म्हणून काल पार्किंगमध्ये चक्कर मारली, तर नऊ गाड्यांच्या समोरच्या काचेवर टवका किंवा तडा दिसला. नऊपैकी निदान तिघांना तो आहे हे ठाऊकच नसावं. एकीवर तर स्टिकर लावून झाकला आहे. कोणाची ते सांगत नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगून टाकतो. मी धुळ्याचा. वडिलांचं तिथं तसबिरींना काचा बसवायचं दुकान होतं. मी जळगावला येऊन गाड्यांच्या काचांत पडलो, त्याला तीस वर्षं होत आली. काच बदलली की मला चार पैसे मिळतात, टवका भरून दिला की चहापाण्यापुरते. म्हणजे “बदला” म्हणण्यात माझा फायदा आहे. हे लक्षात ठेवूनच माझं ऐका. आणि कुठल्याही दुकानात गेलात तरी हेच लक्षात ठेवा.

आता काच म्हणजे काय ते पाहू. गाडीच्या बाजूच्या खिडक्यांची काच वेगळी आणि समोरची वेगळी. बाजूची काच टफन केलेली, म्हणजे तापवून एकदम थंड केलेली असते. ती फुटली की सगळीच्या सगळी बारीक खड्यांसारखी खाली येते. तिला तडा जाऊन थांबला असं होत नाही, म्हणून तिची दुरुस्तीही नाही, सरळ नवीन. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांना समोरही असलीच काच असे. जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल, खडा लागला की क्षणात सगळी काच पांढरी व्हायची, समोरचं काही दिसायचं नाही, आणि मग मूठ मारून भोक पाडून गाडी बाजूला घ्यायची. नव्वदच्या दशकात नियम बदलला आणि नव्या गाड्यांना समोर लॅमिनेटेड काच सक्तीची झाली.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचा आणि त्यांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याला पीव्हीबी म्हणतात. प्रत्येक काच साधारण दोन मिलिमीटरची, पापुद्रा पाऊण मिलिमीटरचा. सॅंडविचच समजा. याचा शोध लागला त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. एदुआर बेनेदिक्तुस नावाचा एक फ्रेंच माणूस होता. चित्रकारही आणि रसायनशास्त्रज्ञही. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू उंचावरून पडला, तडकला, पण विखुरला नाही; कारण आत पूर्वी ठेवलेलं द्रावण वाळून त्याचा पातळ थर काचेला चिकटून बसला होता, असं सांगतात. १९०९ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात गॅस मास्कच्या डोळ्यांसाठी ही काच वापरली गेली, आणि पुढे ती मोटारींत आली. न धुतलेल्या भांड्याचा एवढा उपयोग जगात दुसऱ्या कोणाला झाला नसेल. (आमच्या घरी हे वाक्य मी एकदाच वापरून पाहिलं.)

या पापुद्र्यामुळेच “दुरुस्त करू की बदलू” हा प्रश्न उभा राहतो. खडा लागतो तो बाहेरच्या काचेला. आतली काच आणि पापुद्रा बहुतेक वेळा शाबूत राहतात. बाहेरच्या काचेत जी पोकळी झाली, तिच्यातली हवा छोट्या पंपानं ओढून काढायची, पातळ रेझिन दाबानं आत सोडायचं आणि अतिनील प्रकाशाखाली ते कडक करायचं. हे रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेसारखंच वाकवतं, म्हणून डाग बराचसा नाहीसा होतो. बराचसा, पूर्ण नाही. निरखून पाहिलं तर मोहरीएवढी खूण राहते. “अगदी नव्यासारखी करून देतो” असं कोणी म्हणालं तर दोन पावलं मागं सरका. दुरुस्ती करायची ती दिसण्यासाठी नाही, तडा पुढं पळू नये म्हणून.

आणि आपल्याकडे तो पळतो. खान्देशात काचेचे दुश्मन जरा जास्तच आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. धुळ्याला जानेवारीत तोच पाच-सहा अंशांवर उतरतो. एकाच वर्षात एकाच काचेनं एवढं सोसायचं. दुपारी दोनला उन्हात उभ्या असलेल्या गाडीची काच हाताला चटका देते. आपण आत बसतो, दारं लावतो, एसी फुल करतो आणि वरच्या जाळ्यांतून थंड हवा थेट काचेवर मारतो. बाहेरून तापलेली, आतून गार पडणारी. धड काच हे सोसते. जिच्यात टवका आहे ती तिथूनच उकलते. कित्येक जण सांगतात, “भाऊ, गाडी उभी होती, काही लागलं नाही, आपोआप तडा गेला.” आपोआप नाही जात. आठ-पंधरा दिवसांपूर्वी खडा लागलेला असतो. घरी आल्यावर तापलेल्या गाडीवर थंड पाण्याचा पाइप सोडणं हा त्याचाच दुसरा प्रकार. टवका असेल तर आधी खिडक्या उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, एसीचा झोत पायाकडं ठेवा आणि हळूहळू वाढवा. थंडीत काचेवरची वाफ घालवतानाही तसंच. सगळ्या काचा बंद असताना दार आपटू नका. आतल्या हवेचा धक्का काचेलाही बसतो.

दुसरा दुश्मन रस्ता. आपला जुना सहा नंबर, आताचा त्रेपन्न. चौपदरीकरण सुरू असताना पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी या सगळ्या पट्ट्यात खडी उघडी पडलेली असायची. त्या काळात माझ्या दुकानात बसायला जागा नसे, हे मी आनंदानं सांगत नाही. आता रस्ता चांगला झाला, तर वेग वाढला. खडा समोरच्या ट्रकच्या चाकातून उडतो, आपली गाडी त्याच्यावर धावून जाते; दोन्ही वेगांची बेरीज काचेवर बसते. वाळूचा नाहीतर खडीचा डंपर पुढं असेल, त्यातही वर ताडपत्री नसेल, तर त्याच्या मागं राहून काही मिळत नाही. अंतर सोडा नाहीतर जागा पाहून पुढं निघून जा.

आता प्रत्यक्ष गाडीजवळ जाऊ. पारोळ्याकडचे एक शेतकरी दुकानात आले होते. म्हणाले, “भाऊ, इतलासा टवका शे, कितला पैसा लागतीन?” मी म्हटलं, नाना, आधी आत बसू द्या. काचेचा निकाल बाहेरून लागत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसून मी पहिल्यांदा आतल्या बाजूनं बोट फिरवतो. आत खरखर लागली, म्हणजे आतली काचही गेली. तिथंच विषय संपला, बदलायची. आतून गुळगुळीत असेल तर मग टवका आहे कुठं ते बघायचं. स्टीअरिंगच्या बरोबर समोर, जिथं आपली नजर सतत असते तिथं असेल, तर मी सहसा भरत नाही. कारण ती मोहरीएवढी खूण रात्री समोरच्या दिव्यात चमकते. काचेच्या कडेपासून तीन-चार बोटांच्या आत असेल, तरी नाही. कडेला काचेवर मुळातच ताण जास्त असतो, तिथला तडा भरला तरी दुसरीकडून वाट काढतो. मधल्या भागात, डाव्या हाताला, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा टवका असेल, तर तो भरून घेण्यातच शहाणपण आहे. लांब तड्याबद्दल दुकानागणिक मत बदलतं. सहा इंचांपर्यंत भरून देणारे लोक आहेत आणि थंड हवेच्या गावी ते टिकतही असेल. आपल्या उन्हाळ्यात तीन इंचांच्या वर मी हात घालत नाही. ग्राहकाचे पैसे जातात आणि माझं नाव.

नानांचा टवका डाव्या बाजूला होता, पण तीन महिन्यांचा जुना. त्यात धूळ, पावसाचं पाणी आणि वर त्यांच्या मुलानं भरलेला झटपट चिकटणारा गोंद. गोंद एकदा आत गेला की रेझिनला जागाच राहत नाही. कोणी नेलपॉलिश लावतं, कोणी साबण. पूर्वी वायपर बंद पडला की ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळायचे, ते एक वेळ समजू शकतो. टवक्यावर मात्र काही लावू नका. खडा लागला त्याच दिवशी, कोरडं असताना, त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळ-पाणी आत जाऊ देऊ नका, आणि चार-आठ दिवसांत दाखवा. नानांची काच चालली असती अजून. पण भरता आली नसती. त्यांना मी तसं सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. ते गेले आणि पुढच्या आठवड्यात भरिताच्या वांग्यांची पिशवी घेऊन आले.

याच्या उलट आपल्या ए विंगमधल्या एका मुलाचं. नवी गाडी, दोन महिने झालेले, नाण्याहून लहान टवका. जिथं सर्व्हिसिंगला नेली तिथं सांगितलं, काच बदलावी लागेल. कोण, कुठलं, ते सोडून द्या. पोरगं घाबरलं होतं. मी अर्ध्या तासात भरून दिला. तीन उन्हाळे झाले, खूण जिथल्या तिथं आहे. कंपनीत बसवलेली मूळ काच, तिचं मूळ सील, जोपर्यंत राखता येतं तोपर्यंत राखावं या मताचा मी आहे. कारखान्यात यंत्रानं बसवलेल्या काचेसारखी दुसरी कोणीच बसवत नाही. मीसुद्धा.

मग तडा गेलेली काच बदलायची घाई तरी कशाला? काळी-पिवळीवाले वर्षानुवर्षं तड्यांच्या जाळीतून बघत धुळे-जळगाव करतात. पापुद्रा आहे, काच अंगावर येत नाही, हे बरोबर. पण तीन गोष्टी आहेत. एक, नजर. आपला रस्ता सरळ पूर्व-पश्चिम. धुळ्याला राहून जळगावला नोकरी करणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळीही ऊन आणि संध्याकाळीही. जळगावला राहून धुळ्याला जाणाऱ्याच्या दोन्ही वेळा पाठीवर. (घर घेताना हे कोणी पाहत नाही.) समोरून ऊन किंवा दिवा आला की तड्याची रेघ पेटल्यासारखी होते आणि तिच्यामागची सायकल दिसत नाही. दुसरी गोष्ट, हल्लीच्या गाड्यांत काच ही नुसती खिडकी नाही. ती बॉडीला चिकटवलेली असते आणि गाडी उलटली तर छप्पर तोलून धरायला मदत करते. तिसरी, डाव्या सीटसमोरची एअरबॅग उघडते ती बऱ्याच गाड्यांत आधी काचेवर आपटून मग माणसाकडं वळते. काचच जागेवरून सुटली तर एअरबॅग बाहेरच जाईल. आणि त्या सीटवर कोण बसतं, तुम्हाला माहीत आहे.

आता जो प्रसंग सांगतो, तो त्या दोघांची परवानगी घेऊन. ते समोर बसले आहेत. बी विंगमधले आपले दादा, त्यांना बायपाससाठी नाशिकला दाखल करायचं होतं. बुधवारी सकाळी निघायचं, आणि मंगळवारी संध्याकाळी वहिनी गाडी घेऊन दुकानात. ड्रायव्हरच्या बाजूला खालच्या कोपऱ्यातून वर गेलेला तडा, एक वीत. सकाळपर्यंत चार बोटं होता म्हणाल्या. “भाऊजी, आजच्या आज भरून द्या, परत आल्यावर बदलू.” हातात पर्स, त्यात हॉस्पिटलमध्ये भरायचे पैसे. त्या पर्सवरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही.

भरून देणं मला सोपं होतं. पण तो कडेचा तडा, मालेगावच्या पुढं जायच्या आत वर पोचला असता. बदलायची म्हटलं तर त्या मॉडेलची काच माझ्याकडे नव्हती, दुसऱ्या दिवशी आली असती. आली असती तरी चिकटवल्यावर गाडी लगेच हलवायची नाही. वहिनी म्हणाल्या, “मग तशीच नेते. हळू चालवीन.” तशी नेता आली असती. पापुद्रा धरून ठेवतो, दिवसाउजेडी, बेतानं. पण अडीचशे किलोमीटर, चालवणाऱ्या त्या एकट्या, डाव्या सीटवर छातीचा पेशंट आणि डोळ्यांसमोर दर खड्ड्याला वाढणारी रेघ. मी “जा” असंही म्हणू शकलो नाही आणि “जाऊ नका” असंही. ऑपरेशनची तारीख दीड महिन्यानं मिळाली होती. दादा मागच्या सीटवर बसून होते, म्हणाले, “काचेसाठी तारीख पुढं ढकलायची का आता?”

मी सी विंगमधल्या काकांना फोन लावला. ते पाच मिनिटांत पायजम्यावर स्कूटरवरून आले, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि म्हणाले, “टाकी फुल आहे. क्लच थोडा जड आहे.” बस, एवढंच. सकाळी ते तिघंही गेले, काका मागं बसून.

गाडी माझ्याकडे राहिली. आता पैशाचं. हे सगळ्यांनी नीट ऐकावं, कारण विम्याचं गणित लोक उलटं करतात. “विमा आहे ना, मग घ्या की क्लेम.” थांबा. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचा एक पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, ही चांगली गोष्ट. रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपले, त्यावरच्या गाडीला २,०००. आणि खरा खर्च पुढच्या वर्षी दिसतो, कारण नो क्लेम बोनस जातो.

दादांच्याच गाडीचा हिशोब, आकडे सोपे करून. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम समजा ९,००० रुपये. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून बोनस ५० टक्के, भरतात ४,५००. काच फिटिंगसह ७,००० ची. क्लेम केला तर कंपनी देणार ६,०००. आता बोनस शून्यावर. पुढच्या वर्षी भरायचे ९,०००, म्हणजे ४,५०० जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी बोनस २० टक्के, भरायचे ७,२००, जास्तीचे २,७००. मग २५ टक्के, २,२५० जास्त. मग ३५ टक्के, १,३५० जास्त. मग ४५ टक्के, ४५० जास्त. बेरीज करा, ११,२५०. गाडी जुनी होते तसा मूळ प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी धरा. तरी ६,००० मिळवण्यासाठी जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट मोजायचे.

पण हे गणित खिशात पैसे असणाऱ्याचं. वहिनींना आज सात हजार काढणं जड होतं, पाच वर्षांनंतरचं काय सांगायचं त्यांना? मी फोनवर दोन्ही आकडे सांगितले. त्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या होत्या, मागं लिफ्टची घंटी वाजत होती. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “क्लेम नको. तुम्ही थांबाल का?” मी थांबलो. दिवाळीनंतर त्यांनी पूर्ण पैसे दिले, वर चिवड्याचा डबा.

उलटंही सांगतो. गाडी नवी, बोनस अजून शून्य किंवा २० टक्के, काचेला आरशामागं कॅमेरा, पावसाचा सेन्सर, आणि काचेची किंमत तीस-चाळीस हजार, तर बेलाशक क्लेम करा, विमा त्यासाठीच असतो. काही पॉलिसींत जादा पैसे भरून बोनस राखण्याची सोय असते, तेही आपल्या कागदात बघा. आणि क्लेम करायचा तर काच काढण्याआधी कंपनीला कळवायचं, फोटो काढायचे. नवी काच बसल्यावर फोन केलात तर सर्व्हेअर काय बघणार?

बदलायचंच ठरलं, तर दुकानात तासभर बसायची तयारी ठेवा. काच बसवण्याआधी तिचा कोपरा वाचा. आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक, लॅमिनेटेड असा शब्द आणि बनवणाऱ्याचं नाव, हे सगळं कोरलेलं हवं. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेली काच महाग पडते. तीच काच बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याची, शिक्क्याविना, स्वस्त मिळते आणि मला त्यात वावगं दिसत नाही. बिननावाची मात्र नको. तिच्यातून पाहिलं की कडेला रस्ता लाटेसारखा हलतो. “थोडी काळपट द्या, ऊन लागतं” असंही म्हणू नका. समोरच्या काचेतून ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बडगा उगारल्यापासून पोलीसही ते बघतात.

चिकटवायला पीयू सीलंटच वापरतात ना, ते विचारा. सिलिकॉन हे फिश टँकसाठी ठीक आहे. जुनी काच कापताना पत्र्याच्या रंगावर ओरखडा गेला तर तिथं प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज धरतो आणि मग पाणी थेट पायाशी. सीलंट किती वेळात पकडतं ते त्याच्या प्रकारावर आणि हवेवर अवलंबून. डब्यावर वेळ लिहिलेली असते, ती बघा. मी रात्रभर गाडी ठेवून घेतो, त्यावरून ग्राहक माझ्याशी भांडतात, भांडोत. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दार हळू लावा, धुऊ नका. कॅमेरेवाली गाडी असेल तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च आधी विचारून घ्या.

आणि फास्टॅग! जुन्या काचेवरचा फास्टॅग काढून नव्या काचेवर चिकटत नाही, काढताना तो निकामी होतो, तसाच बनवलेला आहे. काच बदलायच्या आधीच बँकेकडं नव्या टॅगची मागणी नोंदवा. नाहीतर नवी कोरी काच घेऊन टोलनाक्यावर जादा पैसे भरायची वेळ येते.

शेवटी अध्यक्षांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला प्रश्न. मुलांच्या चेंडूनं काच फुटली तर पैसे कोणाचे? मागची रांग एकदम शांत झाली बघा. विमा पूर्ण असेल तर हेही अपघाती नुकसानच, क्लेम करता येतो; पण आत्ताच सांगितलेलं बोनसचं गणित तिथंही लागू. माझी सूचना अशी की लेदरचा चेंडू बंद, टेनिसचा चालू. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते नऊ डी विंगसमोरच्या गाड्या मालकांनी पलीकडं लावाव्यात. त्या वेळेनंतर फुटली तर खेळणाऱ्या सगळ्या मुलांच्या घरी समान वाटणी, फक्त ज्याच्या बॅटला लागला त्याच्या घरी नाही. सिक्सर मारणाऱ्यावर एकट्यावर बोजा टाकला तर ती पोरं पुढं ब्लॉकच करत बसतील. बाजूची काच फुटली तर काचेचे पैसे द्या, मजुरी मी घेणार नाही, ही माझी सोसायटीला रौप्यमहोत्सवाची भेट समजा.

ज्यांच्या गाड्या त्या नऊमध्ये आहेत, त्यांनी रविवारी सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, गाडी सी विंगखाली सावलीत आणावी. मी बॅटरी आणि भिंग घेऊन असेन. पाहून सांगायचे पैसे नाहीत. आणि ज्यांनी स्टिकर लावला आहे, त्यांनी तो आधी काढून आणावा.